वासरू, विष आणि चौदा समास

कोल्हापूरकडच्या गावांत संत बहिणाबाईंचं आख्यान ठरलं की यजमान आधी एकच विचारतात, "ताई, वासराचं घेणार ना?" घेते. न घेऊन जाते कुठे? वासरू आलं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात, पेटीवाले काका आपसूक सूर खाली आणतात, आणि आरतीच्या ताटात चार नोटा जास्त पडतात. कीर्तनकाराला हे सगळं दिसत असतं आणि दिसत नाही असं दाखवायचं असतं.

त्याआधी एक खुलासा दर वेळी करावा लागतो. ही जळगावच्या चौधरींची बहिणाबाई नव्हे. त्या १८८० साली जन्मल्या. ही त्यांच्या अडीचशे वर्षं आधीची, १६२८ सालची, तुकोबांची शिष्या. मंडळी माना डोलावतात, आणि कीर्तन संपल्यावर हमखास कुणीतरी येऊन म्हणतं, "छान झालं हो, पण ते जात्यावरचं गाणं राहिलंच."

मला विचाराल तर ही बहिणाबाई जितकी देहूची तितकीच कोल्हापूरची आहे. आणि कोल्हापुरात तिची गोष्ट सांगायची तर दुसऱ्या एका बाईला शेजारी बसवल्याशिवाय ती पुरी होत नाही. ती दुसरी म्हणजे वेणाबाई. जन्म कोल्हापूरचा, सासर मिरजेचं, गुरू समर्थ रामदास. दोघींचे जन्म वर्षभराच्या आतबाहेरचे मानतात. दोघींच्या आयुष्याला वळण लागलं ते याच गावात, तेही कीर्तन ऐकून. एक सवाष्ण, एक बालविधवा. एकीला नवऱ्याने मारलं. दुसरीला, परंपरा सांगते ते खरं मानायचं तर, जन्मदात्यांनीच विष दिलं. वारकरी फडावर बहिणाबाई सांगतात, रामदासी मठात वेणाबाई. दोघींना एका आख्यानात घेणारं क्वचितच कुणी भेटतं, कारण संप्रदायांची शीव शेताच्या बांधापेक्षा पक्की. मी पडले नारदीय गादीची. मला दोन्हीकडे मुभा आहे, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायचीही मुभा आहे.

बहिणा वेरूळजवळच्या देवगाव रंगारीची. वडील गावचे कुलकर्णी. तिसऱ्या वर्षी तिचं लग्न लागलं. नवरा पाठकांच्या घरातला, वेदपाठी, तिशीचा, बिजवर. ती नऊ वर्षांची असताना वडिलांवर भाऊबंदकीचं आणि कर्जाचं संकट आलं, आणि लेकीजावयासकट सगळं बिऱ्हाड गाव सोडून निघालं. गोदाकाठ, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, मग रहिमतपूर. भिक्षा मागत, जावयाच्या पोथीवर पोट भरत ही माणसं दक्षिणेला सरकत राहिली आणि शेवटी कोल्हापुरात आली. इथं बहिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाने घरात आसरा दिला. बहिणा तेव्हा अकरा वर्षांची होती. साल १६४०च्या आगेमागे.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण ते तिने स्वतः सांगून ठेवलंय. शंभराच्या आसपास अभंगांचं हे तिचं आत्मनिवेदन मराठीतलं बाईचं पहिलं आत्मचरित्र म्हणून गणलं जातं. उमरखाने यांनी १९१४ साली तिची गाथा छापली, आणि १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने तिचा इंग्रजी अनुवाद पुण्यात प्रसिद्ध केला. म्हणजे देहूपासून हाकेच्या अंतरावरच्या पुण्याला तिची ओळख करून द्यायला एक साहेब लागला, असं आमचे गुरुजी म्हणायचे. ते थोडं अन्यायाचं आहे, पण टाळी घेतं.

त्या वेळचं कोल्हापूर डोळ्यांपुढे आणायचं तर आज दिसतं त्यातलं बरंच पुसावं लागतं. रंकाळ्याची चौपाटी नाही, जुना राजवाडा नाही, नवा तर नाहीच. मुलूख विजापूरच्या आदिलशाहीचा, अंमलाचं ठाणं पन्हाळ्यावर. शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला तो १६५९च्या नोव्हेंबरात. मी सांगते त्या वेळी ते दहा वर्षांचे होते. गावाचा मोठेपणा एवढाच की हे करवीर क्षेत्र, अंबाबाईचं ठाणं. पण खुद्द अंबाबाईचं काय? तिच्या मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली ती १७१५च्या विजयादशमीला. त्याआधी कित्येक वर्षं मूर्ती पुजाऱ्यांच्या घरी दडवून ठेवली होती, असं परंपरा सांगते. तेव्हा या दोन मुली गावात वावरत होत्या त्या काळात देवी तरी उजळ माथ्याने आपल्या गाभाऱ्यात होती का, असा प्रश्न मला पडतो. हे मी कीर्तनात सांगत नाही. देवळाच्या आवारात तर मुळीच नाही.

आज आम्ही ज्या गरुड मंडपाचं कौतुक करतो तो एकोणिसाव्या शतकातला. तेव्हाचं कीर्तन ओवरीत व्हायचं, वाड्याच्या चौकात व्हायचं, मोठ्या घराच्या ओसरीवर व्हायचं. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. ब्राह्मणाच्या घरात जन्मूनही बाईच्या कानांना वेद वर्ज्य होता, आणि बहिणेने हे शल्य अभंगांत उघड बोलून दाखवलंय: बाईचा जन्म मिळाला, वेद बोलू देत नाहीत, मंत्र ऐकू देत नाहीत, मग देव गाठायचा कुठल्या वाटेने? कीर्तनाला मात्र अशी आडकाठी नव्हती. तिथं जे काही सांगायचं ते मराठीत. ज्ञानेश्वरी मराठीत, एकनाथांचं भागवत मराठीत. नाथांनी ते काशीत १५७३ साली पुरं केलं, आणि पुढच्या साठसत्तर वर्षांत ते इकडच्या वाड्यांतून वाचलं जाऊ लागलं. शाळा नव्हती, पण रात्री समईच्या उजेडात भरणारी ही एक शाळा होती, आणि तिच्यात पाटी लागत नव्हती.

कोल्हापुरात त्या वेळी जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तनं चालली होती. हे साताऱ्याच्या खटाव भागातल्या वडगावचे. पुढे रामदास पंचायतन म्हणून ज्या पाच जणांची नावं घेतात, त्यांतले एक. त्यांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग असायचे. देहूचा एक कुणबी वाणी काय म्हणतो, ते कोल्हापुरातल्या अकरा वर्षांच्या ब्राह्मण मुलीच्या कानांवर पडलं ते असं.

आता वासरू. बहिरंभटांना दानात कपिला गाय मिळाली, वासरासकट. स्वप्नात दृष्टान्त झाला म्हणून त्यांनी ती बहिणेच्या नवऱ्याला दिली. वासरू बहिणेच्या मागे लागलं. ती पाण्याला गेली की ते पाण्याला, ती कीर्तनाला की ते कीर्तनाला. एका रात्री गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं, ते बाहेर हंबरू लागलं, आत ही रडू लागली. जयरामस्वामींनी वासराला आत बोलावलं आणि दोघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा. घरी नवऱ्याच्या कानांवर गेलं.

माझ्या गुरुजींनी मला शिकवलेल्या आख्यानात इथं एक साकी आहे. तिच्यात पती कोपतात, सती सोसते, आणि लगेच आपण वासराच्या उपोषणावर येतो. गाय चारा खात नाही, वासरू दूध पीत नाही, अखेर वासरू प्राण सोडतं. हा भाग अर्धा तास रंगवायचा. कोप एका साकीत आणि वासरू अर्धा तास, हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. बहिणेच्या स्वतःच्या सांगण्यात ते तसं नाही. तिने मार सांगितलाय. वेणी धरून मनसोक्त मारलं, मोटेसारखं बांधून टाकलं, आईबाप घरात असून त्यांना काही बोलता येईना, आणि आपला गुन्हा काय हे आपल्याला कळेना. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने हे पद्यात बसवलं. आळवणी नाही, उपमा नाही, 'माझं प्रारब्ध' म्हणून सारवासारव फारशी नाही. संतचरित्रांत संतांना छळणारे पुष्कळ असतात. पण छळणारा घरातला, आणि सांगणारी तीच, हे दुर्मीळ.

म्हणून मी प्रमाण बदललंय. वासरू दहा मिनिटं, मार दहा मिनिटं. मार सांगताना पेटी बंद ठेवायला सांगते. बायकांच्या बाजूला अशी शांतता पडते की मला तबलजीचा श्वास ऐकू येतो. पुरुषांच्या बाजूला दोनचार जण मोबाईल बघतात.

इथं मी शाहू महाराजांचं नाव घेते आणि काही जुन्या श्रोत्यांना ते आख्यानाबाहेरचं वाटतं. पण याच कोल्हापुरात, १९१९ साली, महाराजांनी बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. त्याच्या दोन वर्षं आधी विधवाविवाहाचा कायदा केला, आणि त्याच साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचाही. बहिणा, वेणा आणि शाळा, तिघींचे कायदे एका संस्थानात दोन-तीन वर्षांच्या आत झाले. महाराजांच्या डोळ्यांपुढे या दोन संतिणी असतील असं मी म्हणत नाही. डोळ्यांपुढे त्यांच्या घरच्याच सूनबाई होत्या. राजपुत्र शिवाजी १९१८ साली शिकारीच्या अपघातात गेले तेव्हा इंदुमतीदेवी कोवळ्या वयाच्या होत्या, आणि महाराजांनी घरच्यांचा विरोध मोडून त्यांना सोनतळीला शिकवायला ठेवलं. वेणाबाईंच्या बालपणानंतर पावणेतीनशे वर्षांनी कोल्हापुरात बालविधवेच्या हाती पुस्तक द्यायला छत्रपतींनाही घरात भांडावं लागलं, एवढंच मला सांगायचं असतं.

परत बहिणेकडे. मारानंतर ती पडून राहिली, आणि त्या ग्लानीत तिला तुकोबा दिसले. त्यांनी मंत्र दिला. ती अभंग बोलू लागली. माणसं दर्शनाला येऊ लागली. आता नवऱ्याचं डोकं आणखी फिरलं, आणि त्याचं म्हणणंही तिने प्रामाणिकपणे नोंदवलंय. आपण ब्राह्मण, वेद म्हणणं हा आपला धर्म. हा कोण शूद्र तुका, तोही स्वप्नातला? लोक हिच्या पाया पडतात आणि मला गवताच्या काडीएवढी किंमत देत नाहीत. यापुढे हिचं तोंड बघायचं नाही, मी तीर्थाटनाला निघतो. बायको तीन महिन्यांची गरोदर होती, ती त्याने सासूसासऱ्यांवर सोपवली.

मला हा माणूस ओळखीचा वाटतो. धर्माचा मुद्दा पुढे आणि मानाचा मुद्दा त्याच्यामागे, अशी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. बायकोचं कीर्तन असलं की पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघणारी.

आणि आता अडचणीची जागा. नवरा जाणार म्हटल्यावर बहिणेने काय केलं? तिने पतिव्रताधर्माचे अभंग रचले. नवरा हाच देव, त्याचं तीर्थ तेच माझं तीर्थ, त्याला सोडून विठ्ठल घेऊन काय करू, अशा अर्थाचे. कॉलेजच्या मुलींपुढे आख्यान केलं की त्या इथं चिडतात. "मग ही बंडखोर कसली?" असं एकीने मला तोंडावर विचारलं. मी तिची समजूत घातली नाही, कारण मलाही ते अभंग गाताना जड जातं. पण एक पाहिलं पाहिजे. नवऱ्याचे पाय धरीन म्हणणाऱ्या या मुलीने तुकोबांना सोडलं नाही. अभंग करायचे थांबवले नाहीत. घर आणि गुरू यांत एक निवड, असा पेच नवऱ्याने टाकला होता, आणि तिने निवडच करायची नाकारली. ऐन निघायच्या दिवशी नवऱ्याला ताप भरला, महिनाभर तो अंथरुणाला खिळला, तिने शुश्रूषा केली, आणि उठला तो देहूला जायला तयार होऊन. ज्याचं नाव ऐकून त्याचं डोकं फिरत होतं त्या तुकारामाच्या पाया पडायला तो स्वतः गेला. यात चमत्कार किती, चिकाटी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

देहूत सुख होतं असं नाही. मंबाजी गोसाव्याने तिला आपली शिष्या हो म्हणून आग्रह धरला, ती ऐकेना तेव्हा या कुटुंबाला त्रास दिला, पुण्याच्या आप्पाजी गोसाव्याकडे तक्रार लिहिली की ब्राह्मण म्हणवणारी ही माणसं शूद्राच्या पायांवर डोकं ठेवतात. तिथंच तिला मुलगी झाली, काशी. पुढे मुलगा झाला, विठ्ठल. नंतर ही मंडळी शिऊरला, आजच्या वैजापूर तालुक्यात स्थिरावली आणि १७०० साली, बहात्तराव्या वर्षी, बहिणाबाई तिथंच गेल्या. त्या काळात एवढं वय म्हणजे नवऱ्याच्या रागालाच नव्हे, नवऱ्यालाही मागे टाकणं.

तिच्या गाथेतला एक भाग कीर्तनात फारसा घेत नाहीत. ब्राह्मण कोणाला म्हणावं, याची चर्चा तिने 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथाच्या आधाराने अभंगांत केली. देह ब्राह्मण का? तर नाही, देह सगळ्यांचे सारखे. जात? वर्ण? पांडित्य? कर्म? एकेक पायरी नाकारत ती ब्रह्म जाणणाऱ्यापाशी येऊन थांबते. वेद ऐकायची ज्या बाईला बंदी, तिने वेदाधिकाऱ्यांचा अधिकार तपासायला घेतला. कोल्हापुरात हे सांगताना आणखी काही जोडावं लागत नाही. श्रोत्यांतलं कुणीतरी आपणहून वेदोक्ताचं नाव घेतं. १८९९च्या कार्तिकात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला पुराणोक्त मंत्र म्हटले गेले आणि त्यावरून सगळा महाराष्ट्र पेटला, ते प्रकरण.

वेणाबाईंचं उलटं. बहिणेने सगळं सांगितलं, वेणेने स्वतःबद्दल जवळजवळ काहीच नाही. तिचं चरित्र आपल्याला रामदासी परंपरेकडून मिळतं, बरंचसं नंतर लिहिलेलं. ते असं: कोल्हापूरचं माहेर, मिरजेच्या देशपांड्यांचं सासर, लहानपणीच वैधव्य. सासरच्या वाड्यात तुळशीवृंदावनापाशी ती नाथांचं भागवत वाचत बसलेली असताना रामदास भिक्षेला आले आणि त्यांनी विचारलं, "वाचतेस ते कळतं का?" तिने प्रामाणिकपणे शंका विचारल्या. पुढे माहेरी कोल्हापुरात समर्थांची कीर्तनं झाली, ही रोज जाऊ लागली, आणि गाव बोलू लागलं. तरुण विधवा, तरणा गोसावी. कुळाला बट्टा नको म्हणून आईवडिलांनी तिला विष दिलं. ती वाचली आणि समर्थांबरोबर निघून गेली.

विषाच्या कथेवर मी फार वेळ घालवत नाही, कारण ती तिने स्वतः सांगितलेली नाही, परंपरेने सांगितलेली आहे. पण ती घडली की नाही यापेक्षा मला दुसरं काही दिसतं. ही कथा शतकानुशतकं भक्तिभावाने ऐकली गेली आणि 'आईबाप असं कसं करतील?' असं श्रोत्यांनी म्हटल्याचं मला कधी ऐकू आलं नाही. ती मीरेसारखी वाचली कशी, याचं सगळ्यांना नवल. द्यावंसं वाटलं, याचं नवल कुणालाच नाही.

आता तिचं काव्य, 'सीतास्वयंवर'. चौदा समास, १५६८ ओव्या. विषय सीतेचं लग्न. हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. विधवेला लग्नमंडपात मज्जाव. तिचा हात हळदीला लागायचा नाही, तिची सावली बोहल्यावर पडायची नाही, ती दळणा-कांडणाला मागच्या अंगणात. आणि या बाईने चौदा समास लग्न लावलं. मिथिला नावालाच, रीतभात, मानपान, पंगती, विहिणींचे रुसवे, सगळं कृष्णा-पंचगंगेकाठचं. ज्या सोहळ्याच्या दारात तिला उभं राहू देत नव्हते, त्याचा बारीकसारीक तपशील तिला पाठ होता. मागच्या अंगणातूनही सगळं दिसतं की.

कीर्तनात मी इथं थोडी गंमत करते. हिचा गुरू कोण? तर 'सावधान' शब्द कानांवर पडताच बोहल्यावरून पळालेला नारायण. आसनगावच्या मंडपातून बाराव्या वर्षी पळाला तो मागे वळला नाही. आणि शिष्येने काय लिहावं? लग्न. तेही चौदा समास. हशा पिकतो, आणि त्या हशात जे सांगायचं ते जाऊन बसतं: गुरूने जे सोडलं ते सोडायची मुभा त्याला होती. वेणेला धरायचीही मुभा नव्हती, सोडायचीही नाही.

समर्थांनी तिला मिरजेचा मठ दिला. ज्या गावात ती विधवा सून होती त्याच गावात ती मठाधिपती झाली. लोक तिला वेणास्वामी म्हणू लागले. ब्राह्मणपुरीत तो मठ आजही आहे. सासरच्या वाड्याची वाट वाकडी करून ती त्या गल्ल्यांतून जात असेल की सरळ समोरून, याचा विचार मी मिरजेला गेले की करते. समर्थांच्या आज्ञेने ती उभ्याने कीर्तन करत असे. बसून पुराण सांगणं वेगळं. उभं राहणं म्हणजे नारदाची गादी, बुक्का, हार, सगळ्या सभेने आपल्याकडे मान वर करून बघणं. विधवेकडे तर सकाळी बघूही नये अशी रीत.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी पायांना कळलं होतं. एका गावात उत्सवाच्या मंडळींनी मला सुचवलं होतं, "ताई, बसून सांगितलंत तर बरं, आमच्याकडे बायकांनी गादीवर उभं राहायचा प्रघात नाही." मी त्यांना विचारलं, चैत्र वद्य चतुर्दशीला तुम्ही कुणाची पुण्यतिथी करता? वेणास्वामींची. १६७८ साली, सज्जनगडावर, समर्थांसमोर कीर्तन करून त्यांनी देह ठेवला अशी तुमचीच परंपरा. ते बसून झालं का? मंडळी चांगली होती, हसली. मी उभ्याने कीर्तन केलं. बिदागी मात्र पुरुष कीर्तनकाराच्या निम्मी मिळाली; त्यावर काही समर्थवचन आठवलं नाही.

सज्जनगडावर वेणाबाईंचं वृंदावन आहे आणि अक्काबाईंची समाधीही आहे. अक्काबाईसुद्धा बालविधवा, आणि समर्थांनंतर गडाचा आणि चाफळचा कारभार ज्यांनी पाहिला त्यांत त्यांचं नाव मोठं. पण मला त्याहून मोलाची वाटते ती एक साखळी. वेणाबाईंची शिष्या बयाबाई, आणि बयाबाईंचे शिष्य गिरिधरस्वामी. या गिरिधरांनी 'समर्थप्रताप' लिहिला, ज्याच्या आधाराने आज समर्थांविषयी पुष्कळ सांगितलं जातं. म्हणजे समर्थांची हकिगत ज्या पुरुषाच्या लेखणीतून आली, त्याच्यापर्यंत संप्रदाय पोचला तो दोन बायकांच्या हातांतून. शिष्यपरंपरेची नावं खाली मान घालून वाचणाऱ्या रामदासी मंडळींना हे ठाऊक असतं. मोठ्याने म्हणायची वेळ येत नाही इतकंच.

बहिणा आणि वेणा भेटल्या होत्या का, असं मला विचारतात. नाटक बसवणाऱ्या एका मुलाला पंचगंगेच्या काठावर दोघींची भेट हवी होती, कळश्या वगैरे घेऊन. ते जमत नाही. रामदास कृष्णाकाठी आले १६४४च्या सुमारास, म्हणजे वेणेची इथली कथा त्यानंतरची. बहिणेच्या कोल्हापुरातल्या हकिगती त्याआधीच्या आहेत. दोघींच्या मधला धागा एकच, तो म्हणजे जयरामस्वामी: बहिणेने ज्यांचं कीर्तन ऐकलं ते पुढे वेणेच्या गुरूंच्या मंडळात मोजले गेले. त्या दोघींची भेट लावण्यापेक्षा मी दुसरंच एक करते. वारकरी मंडळींपुढे उत्तररंगाला वेणाबाई लावते आणि मिरजेकडे बहिणाबाई. कुरकुर होतेच. मागे मिरजेच्या एका वाड्यात कीर्तन संपल्यावर घरचे आजोबा म्हणाले, "आमच्या वेणास्वामी हाताशी असताना ही देहूकडची कशाला आणली?"

मी म्हटलं, "देहूकडची कुठली, आजोबा? मार खाल्ला तो तुमच्या शेजारी, कोल्हापुरात. रेल्वेने तासाभराची वाट."